रंगराव तात्यांचं पारणं

"आज वार कोणता?" रंगराव तात्यांनी विचारलं.

ताट त्यांच्या पुढ्यात होतं. ताटात माझ्या हातची खिचडी, एक डाव, अजून वाफ निघत होती. समोर व्हरांड्यात शाळेतली सगळी पोरं मांडी घालून, ताटल्या पुढं ठेवून, श्लोक म्हणून मोकळी झाली होती. आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रंगराव तात्या, कडक इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून, खुर्चीत बसून वार विचारत होते.

"सोमवार," तांबोळी गुरुजी म्हणाले.

"हात्‌ तिच्या!" तात्यांनी कपाळावर हात मारला. "सोमवार माझा कडक असतो. महादेवाचा उपास. इसरलोच की मी!"

त्यांनी ताट बोटाच्या टोकानं पुढं सरकवलं, उठले आणि चालू लागले.

आमच्या करंजवाडीची शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं पत्र्याची स्वयंपाकखोली. शाळेत शिजलेलं अन्न पोरांना वाढायच्या आधी गुरुजींनी आणि समितीतल्या एकानं चव घ्यायची, असा नियम होता. पोरांना काही बाधू नये म्हणून. चांगलाच नियम आहे, माझी काही तक्रार नाही. आधीची स्वयंपाकीण वनिताकाकी तात्यांच्या भावकीतली. ती लेकाकडे पुण्याला गेली आणि बचत गटातून माझं नाव लागलं. लागलं, पण कच्चं. महिनाअखेरीला समितीची बैठक होणार, त्यात अध्यक्षांनी सांगायचं की बाईच्या हाताला चव आहे की नाही. आहे म्हणाले तर ही सुगंधा राहणार, नाही म्हणाले तर घरी जाणार. घरी काय होतं? गवंडीकाम करताना माळ्यावरून पडून कंबर धरून बसलेला नवरा, म्हातारी सासू आणि तिसरीतली लेक. तात्यांच्या एका घासावर आमची चूल अडकली होती.

"गुरुजी, आता वो?" मी विचारलं.

तांबोळी गुरुजी म्हणजे भलता नियमाचा माणूस. नियमात बसत नसेल तर ते शिंकणारही नाहीत. त्यांनी थोडा विचार केला. मुख्याध्यापक म्हणून एक चमचा खिचडी खाल्ली, 'उत्तम' म्हणाले. मग चमचा ठेवून बाहेर गेले, पायात चपला घातल्या, अंगणात एक चक्कर मारली, चपला काढल्या आणि पुन्हा आत आले.

"आता मी समितीचा सचिव म्हणून आलोय," ते म्हणाले आणि दुसरा चमचा खाल्ला. "सचिवांचं मतही उत्तमच. वाढा, बाई."

"आणि अध्यक्षांचं मत?"

"अध्यक्ष मला होता येत नाही हो," गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

मंगळवारी तात्या आले. मंगळवार गणपतीचा निघाला. गुरुजी चपला घालून चक्कर मारून आले. बुधवारी मात्र तात्या अडखळले. बुधवारचा देव त्यांना चटकन आठवेना. टोपी काढून डोकं खाजवलं, आढ्याकडे बघितलं. पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत पोरगी ओरडली, "तात्या, बुधवार पांडुरंगाचा!"

"शाब्बास!" तात्यांचा जीव भांड्यात पडला. "पांडुरंगाचाच. पोरं हुशार केलीत बरं का, गुरुजी."

गुरुवार दत्ताला गेला, शुक्रवार देवीला, शनिवार मारुतीला. रविवारी शाळेला सुट्टी. समितीतले बाकीचे सदस्य माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे, आधी तात्यांना घेऊ द्या, मग आम्ही. तात्यांचा स्वतःचा नातू दुसरीत होता. तो रोज दोनदा मागून घ्यायचा आणि ताटली चाटून पुसून ठेवायचा. पोरांना काय कळतंय, म्हणून वरच्या आळीतल्या घरांनी पोरांचं सोडून दिलं होतं.

त्या आठवड्यात संध्याकाळी भाकरी थापता थापता मी सासूला सगळं सांगितलं. सासूला हसू आवरेना.

"अगं, सोमवारी त्याच्याच मळ्यात भांगलायला हुते की मी. दुपारचा बांधावर बसून कोंबडीची तंगडी वरपत हुता, ह्यो महादेवाचा भगत!"

मीही हसले. मग म्हातारी हसता हसता मधेच थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी भाकरी उलटली.

श्रावण असता तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. पण दिवाळी होऊन गेलेली, सुगीचे दिवस, जो तो तोंड चालवतोय. आणि शाळेतली पोरं घरोघर सांगतायत की तात्या रोज उपास करतात, सगळ्या देवांचा. गावात कुजबुज झाली. मग कुजबुजीचं कौतुक झालं. बायका म्हणाल्या, बघा गं, बोलला का कधी माणूस? पोरांपुढं तोंडातून निघालं म्हणून कळलं तरी.

तात्या घाबरतील असं मला वाटलं होतं. कसले घाबरतायत! पहिले काही दिवस ते हवेतच होते. रस्त्यानं जाताना माणसं पायाला हात लावायची. पारावर बसले की जागा करून द्यायची. एकानं तर दूध आटलेली म्हैस ओढत आणली, तात्या, जरा हात ठेवा म्हणाला. तात्यांनी डोळे मिटून म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हशीनं फाडकन लाथ घातली. तात्या शेणात बसले. लोक म्हणाले, बघा, म्हशीचा दोष कसा बाहेर पडला!

पण मग देवळातला शंकर गुरव मधे पडला. ज्याला स्वतःला एकादशी झेपत नव्हती, त्यानं पारावर बसून निर्णय दिला. म्हणाला, सुटा सुटा वार असेल तर संध्याकाळी सोडता येतो. लागोपाठचे वार धरले की मधे अन्न घेता येत नाही, व्रत फुकट जातं. तात्यांचा उपास म्हणजे शनिवार उलटल्यावर रविवारीच सुटणार.

"आन्‌ रविवार खंडोबाचा," मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्या देवांचं केलं आन्‌ खंडोबाला तेवढं वगळलं, तर त्यो गप बसंल का?"

"न्हाई बसायचा," गुरव म्हणाला.

म्हणजे रविवारही गेला. तात्या तिथंच बसले होते. नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांचे हाल कुत्रं खाईना. चहाच्या टपरीवर भजी मागायची सोय राहिली नाही. दिसले रे दिसले की कुणीतरी उकडलेलं रताळं हातात आणून द्यायचं. शिंद्यांच्या नातवाचं जावळ होतं, बोकड कापलेला, सगळं गाव पंगतीत. तात्यांना मात्र उंच खुर्चीवर बसवून हातात दोन केळी दिली. त्यांच्या नाकाखालून रश्श्याच्या बादल्या चालल्या होत्या. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. लोकांनी हात जोडले. केवढी ही भक्ती, म्हणाले.

एवढं होऊन तात्या शाळेत यायचे चुकले नाहीत. अध्यक्षपणाचं कर्तव्य ना! मी ताट पुढं ठेवायची, ते वार सांगायचे, गुरुजी चपला घालायचे. तात्यांचा सदरा आता खांद्यावरून ओघळत होता. आणि मीही काही संत नव्हते. रोज फोडणीत लसणाचा एक गड्डा जास्त ठेचून टाकायला लागले आणि स्वयंपाकखोलीची खिडकी त्यांच्या खुर्चीच्या बाजूनं उघडी ठेवायला लागले. घ्या म्हटलं, देवाचा सुवास!

माझ्या या सगळ्या मजेत एक काटा होता. तो म्हणजे इंदूकाकी, तात्यांची बायको. भोळी बाई. नवरा उपाशी तर आपण कसं जेवायचं, म्हणून तिनंही सगळे वार धरले. तात्या चोरून शेंगा आणि गूळ तरी खात असतील. ही खरोखरीच उपाशी, एखाद्या केळ्यावर दिवस काढणारी. एकदा शाळेच्या नळावर पाणी भरायला आली. कळशी उचलली आणि जागच्या जागी खाली बसली. मी धावले, तिला सावलीत नेऊन टेकवलं.

"काकी, कायतरी पोटात घाला की वो. अशानं मराल."

"सुगंधा, आमचं माणूस एवढ्या थोर वाटंला लागलंय," ती धापा टाकत म्हणाली. "इतकी वर्सं संसार केला, आन्‌ मला मेलीला कधी कळलंच न्हाई त्यांच्या अंगात देव हाय त्यो. आता पोटाचं काय घिऊन बसलीस?"

सांगून टाकावं असं फार वाटलं. शब्द अगदी जिभेवर आले. पण बैठक चार दिवसांवर होती आणि नोकरी तात्यांच्या हातात. मी गप्प बसले. तिची कळशी तेवढी घरापर्यंत पोचवली, ओट्याच्या खालीच ठेवली.

बैठकीच्या आदल्या दिवशी गुरवानं नवं काढलं. व्रताला महिना होत आला, म्हणाला, आता पारणं करायला पाहिजे. आणि हे व्रत शाळेत उघड झालं, तर ते सुटायचंही शाळेतच, पोरांच्या पंगतीत, पोरांच्याच अन्नानं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचं जेवण शाळेत. तांबोळी गुरुजींना तर आनंद मावेना. ते धावत माझ्याकडं आले.

"बाई, पारणंही होईल आणि अध्यक्षांची चवही होईल! दोन्ही एकाच घासात! लगेच बैठक, लगेच तुमचं नाव पक्कं. सगळं नियमात बसतंय!"

मी मोठं पातेलं घासून लख्ख केलं.

सकाळी फोडणी देऊन तांदूळ-डाळ शिजायला टाकली होती. बाहेर पोरं पताका लावत होती, लेझीम घुमत होती. तेवढ्यात मागचं दार ढकलून तात्या आत आले आणि दार लावून घेतलं.

"सुगंधा, एक काम हाय," ते हळूच म्हणाले. "माझ्या पुतण्याच्या घरनं डबा येतोय. खिचडीचाच. माझ्या ताटात तेवढी त्यातली वाढ. कुणाला कळायचं न्हाई. संध्याकाळी बैठकीत तुझं नाव पक्कं करतो, शब्द देतो."

"आन्‌ माझ्या पातेल्यातली?"

"ती गाव खाईल की. पोरं खातील."

"गाव कशाला खाईल? तुम्ही न्हाई खाल्ली तर बाकीचे शिवायचे सुदिक न्हाईत."

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय, तात्या." माझा तोल गेला. हातातला डाव मी पातेल्यावर आपटला. "सात वार सात देवांची नावं घेतलीत. एकाचा तरी उपास केलात का? हे समदे उपास माझ्या नावानं केलेत तुम्ही. सुगंधानं शिजवलंय म्हणून. आता शंकर गुरवाला सांगा, देवळात माझी पण एक मूर्ती बसवायला!"

तात्यांचा चेहरा उतरला. काही बोलणार तेवढ्यात मी पातेल्यावरचं झाकण काढलं. खरं सांगते, मुद्दाम नाही काढलं, खिचडी खाली लागायला आली होती. वाफ वर आली. लसूण, कढीपत्ता, मऊ शिजलेली डाळ. तात्यांचं नाक थरथरलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"वाईच... चव बघतो," ते म्हणाले.

मी परातीत एक डाव वाढला. तात्यांनी उभ्या उभ्या पाची बोटं घातली. फुंकर मारायलाही थांबले नाहीत. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबेना. दुसरा डाव वाढला. तिसरा वाढला. मग पातेल्याच्या बुडाकडे बोट दाखवून म्हणाले, "खरवड हाय का गं?" मी उलथन्यानं खरवड काढून दिली. खाताना तात्या सहा वर्षांच्या पोरासारखे दिसत होते. माझा राग जरा निवलासुद्धा.

"कशी झालीया?" मी विचारलं.

"झकास!" ते बोटं चाटत म्हणाले. "वनितीला असली कधी जमली न्हाई."

"मग हेच भाईर सांगाल न्हवं?"

तात्यांनी हात धुतले, मिशा पुसल्या, सदरा झटकला. पोट भरल्यावर माणूस परत तात्या झाला.

"भाईर? भाईर कसं सांगू गं? धाकटीची सोयरीक चाललीया, भावकी हाय, पाव्हणं हाईत. समजून घे वाईच. आन्‌ हे कुणाला बोलू नगंस."

गेले मागच्या दारानं. मी तिथंच उभी. राग असा चढला की हातात काय आहे ते कळेना. मिठाचा डबा होता. घातलं मीठ.

दुपारी सगळं गाव शाळेच्या मैदानात. पोरं रांगेत ताटल्या घेऊन बसलेली, मागं बायका, पुरुष. तात्या खुर्चीत, गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर शाल. शंकर गुरवानं घंटा वाजवली. मी ताट नेऊन समोर ठेवलं. तात्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग हात वर केले.

"पहाटं दृष्टान्त झाला," ते म्हणाले. "देव म्हनला, रंगराव, अजून एक महिना."

गावानं एकच जयघोष केला. बायकांनी पदर पुढं घेऊन नमस्कार केले. इंदूकाकी भिंतीला टेकून बसली होती, तिनंही थरथरत हात जोडले. अजून एक महिना तिच्याही वाट्याला आला होता.

"पण अध्यक्ष, मग चव?" तांबोळी गुरुजी रडकुंडीला आले. "तुमच्या आधी आज कुणी जेवायचं नाही असं ठरलंय. मुलं खोळंबलीत."

"पोरांना केळी वाटा. आन्‌ बाईचं बैठकीत पुढं बघू," तात्या डोळे मिटूनच म्हणाले. "चवच घेतली न्हाई, तर मत कसं देणार?"

पहिल्या रांगेत एक बारकं पोरगं भुकेनं मुसमुसत होतं. माझ्या हातात डाव होता. सासूनं लांबून खूण केली, गप बस. नाही बसले.

"तात्या," मी मोठ्यानं म्हटलं, "सकाळी परातीत तीन डाव खाल्लेत, वर खरवड मागून घेतलीत. त्याची चव कशी हुती तेवढं सांगा. पोरं थांबलीत."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गुरव ओरडला, "ए बाई, तोंड सांभाळ!" तात्या ताडकन उठले, हार हलला, शाल खाली पडली.

"साफ खोटं!" ते गरजले. "मी आन्‌ हिच्या हातचं..."

आणि तिथं थांबले. पण उशीर झाला होता. उरलेलं वाक्य सगळ्या गावाला आपलं आपण ऐकू गेलं. ज्यांच्या घरी तेच वाक्य रोज बोललं जायचं, तेही जमिनीकडे बघायला लागले. तांबोळी गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

इंदूकाकी भिंतीला धरून उठली. हळूहळू चालत तात्यांसमोर आली.

"हिच्या हातचं काय?" तिनं विचारलं.

तात्यांनी खाली पडलेली शाल उचलली.

"काय म्हनत हुता? पुरं बोला की."

तात्यांनी टोपी नीट केली.

"म्हंजी ह्यापायी?" काकीचा आवाज फाटला. "ह्यापायी मला महिनाभर उपाशी मारलीत? मी तुमच्यात देव बघत हुते वो!"

ती वळली. मला वाटलं घरी जाईल. पण ती पोरांच्या रांगेत गेली, आपल्या नातवाच्या शेजारी फतकल मारून बसली आणि त्याची ताटली आपल्या पुढं ओढली.

"वाढ गं, सुगंधा. लई भूक लागलीया."

मी वाढलं. घाईत अर्धी खिचडी ताटलीबाहेर सांडली. काकीनं सांडलेलीही गोळा केली आणि घास घेतला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. तांबोळी गुरुजी अंगणातून चपला न घालताच धावत आले.

"काकी, तुमचा नातू दुसरीत आहे ना? म्हणजे तुम्ही पालक! पालकांची चव नियमात बसते! सांगा, कशी झालीय?"

काकीनं घास नीट चावला, गिळला. मग माझ्याकडे बघितलं.

"मीठ वाईच जास्त पडलंय गं," ती म्हणाली.

होतंच जास्त. वरच्या आळीतल्या कुणी माझ्या हातचं खाऊन त्याला नाव ठेवायची ही पहिली वेळ. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांना धार लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

"उद्या कमी घालते, काकी," मी कशीबशी म्हणाले.

"घाल," ती म्हणाली. "आन्‌ रडत काय उभी राहिलीस? ह्या पोराला वाढ, त्याची ताटली मी घेतलीया."